नाव ठेवले, पण नावे कशी ठेवावीत?

आपल्या मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ ह्या दोन वाक्प्रचारांत अंतर आहे ते अवघ्या एका मात्रेचे. बारशाला आत्या पाळण्यातल्या बाळाच्या कानाशी कुर्रर्र करते आणि त्याचे नाव ठेवते. पुढे तेच बाळ मोठे झाले, की साऱ्या आळीला त्याला नावे ठेवायची मोकळीक मिळते. पहिल्या कामाला मुहूर्त लागतो, सवाष्णी लागतात, घुगऱ्या लागतात. दुसऱ्या कामाला काहीच लागत नाही. पुरावासुद्धा लागत नाही.

गेली वीस वर्षे हा फरक मी वर्गात शिकवीत आलो आहे. पण त्याचे सर्वांत चोख उदाहरण मला सापडले ते व्याकरणाच्या पुस्तकात नव्हे, तर जंतुशास्त्रात. क्लॅमिडिया नावाच्या जंतूचे काही दूरचे भाऊबंद शास्त्रज्ञांनी शोधून काढले. त्यांची रीतसर बारशी झाली. तान्ह्या मुलांच्या नाकातल्या आणि छातीतल्या स्रावात त्यांचा मागही लागला. परंतु मुलांच्या श्वासाच्या दुखण्याबद्दल त्यांना नावे ठेवायची की नाही, हे तीस वर्षे उलटून गेली तरी ठरलेले नाही.

मराठीच्या मास्तराने जंतूंच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. त्याला कारण घडले ते माझ्या धाकट्या बहिणीचे. गेल्या श्रावणात तिची पाच महिन्यांची मुलगी खोकल्याने हैराण झाली. छाती सुंईसुंई वाजू लागली, दूध ओढवेना, म्हणून तिला रुग्णालयात न्यावे लागले. श्वासनलिकांच्या अगदी बारीक फांद्यांना सूज आली आहे, असे निदान झाले. डॉक्टर त्याला ‘ब्रॉन्किओलायटिस’ म्हणतात. प्राणवायू, थोडे थोडे दूध आणि सक्त नजर एवढ्यावर पोर पाचव्या दिवशी हसत घरी आली. पण त्या पाच दिवसांत बहिणीने डॉक्टरांना एकच प्रश्न दहा वेळा विचारला : “हे कोणत्या जंतूने झाले?” डॉक्टर शांतपणे म्हणाले, “ताई, बहुधा विषाणू असावा. नाव कळले तरी आज करायचे ते हेच.” बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “दादा, एवढी यंत्रे आहेत, आणि साधे नाव सांगता येत नाही?”

आमच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे एक गृहस्थ आहेत. चहाच्या सुट्टीत मी बहिणीचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बशीत ओतलेला चहा तसाच राहू दिला आणि म्हणाले, “नाव सांगणे कठीण नाही हो. कठीण आहे ते आरोप सिद्ध करणे.” त्या दिवसापासून त्यांच्याकडून आणि त्यांनी हाती दिलेल्या कागदांतून जे समजले, ते येथे मांडतो आहे.

उपरणे पांघरलेला जंतू

ह्या कुळाची कथा सुरू होते ती छातीपासून नव्हे, डोळ्यांपासून. आपल्याकडे ज्या रोगाला खुपऱ्या म्हणतात, त्याचा शोध घेत हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक हे दोन शास्त्रज्ञ १९०७ साली जावा बेटावर गेले होते. खुपऱ्या झालेल्या माणसांच्या डोळ्यांतला स्राव त्यांनी ओरांगउटान माकडांच्या डोळ्यांत घातला आणि पुढे तेथल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशीच्या केंद्रकाला लगटून बारीक कणांचा एक पुंजका बसलेला दिसला. जणू कोणी खांद्यावर वस्त्र पांघरले आहे. ग्रीक भाषेत अशा आखूड वस्त्राला ‘क्लॅमिस’ म्हणतात. त्यावरून नाव पडले आणि पुढे तेच ‘क्लॅमिडिया’ झाले. हे संशोधन पुण्यात झाले असते, तर आपण त्या जंतूला खुशाल ‘उपरणेकर’ म्हटले असते!

नाव पडले खरे, पण हा प्राणी आहे तरी कोण, ह्याचा उलगडा पुढे कित्येक वर्षे होईना. इतर जीवाणू काचेच्या बशीत अन्न घातले की वाढतात. हा वाढेना. त्याला जिवंत पेशीच लागे. म्हणून पुष्कळ काळ त्याची गणना विषाणूंत होत असे. शेवटी बीजिंगच्या तांग फेइफान ह्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या बलकाच्या पिशवीत खुपऱ्यांचा जंतू वाढवून दाखवला. त्यांचा निबंध १९५७ साली जगापुढे आला. तेवढ्यावर न थांबता त्यांनी तो वाढवलेला जंतू आपल्या स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला, रोग होऊ दिला आणि त्याच डोळ्यातून जंतू पुन्हा मिळवला. आरोप सिद्ध करणे म्हणजे काय, ते ह्या माणसाकडून शिकावे. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिची आठवण करून द्यायची आहे.

क्लॅमिडियाची राहणी मोठी मजेची आहे. त्याची दोन रूपे असतात. एक प्रवासी रूप : आकाराने चिमुकले, कातडे टणक, बियाण्यासारखे. ते वाढत नाही. फक्त एका पेशीतून दुसरीत जाते. पेशीत शिरले की ते फुगते, मऊ होते आणि गृहस्थाश्रमी बनते. मग एकाचे दोन, दोनाचे चार असा संसार वाढतो. घर भरले की पोरे पुन्हा बियाण्याचे रूप घेतात, घर फोडून बाहेर पडतात आणि नवीन घर शोधतात.

ह्या कुळातल्या दोघांवरचे आरोप बालरोगाच्या दरबारात सिद्ध झालेले आहेत. पहिला तो खुपऱ्यांचाच जंतू. आईच्या जननमार्गात तो असला तर जन्मताना बाळाला मिळतो आणि एक ते तीन महिन्यांच्या वयात न्यूमोनिया करतो. ताप जवळजवळ नाही, पण खोकला असा की एकेक ठसका सुटा, तुटक. बीम आणि सॅक्सन ह्या डॉक्टरांनी १९७७ साली हे चित्र स्पष्ट केले. दुसरा जंतू १९६५ साली तैवानमध्ये एका मुलाच्या डोळ्यात सापडला. त्याच जातीचा नमुना १९८३ साली अमेरिकेत सिॲटल येथे घसा धरलेल्या एका विद्यार्थ्याच्या घशात मिळाला. ग्रेस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो छातीच्या विकारांना कारण होतो हे दाखवले आणि १९८९ साली त्याला ‘क्लॅमिडिया न्यूमोनिए’ हे नाव मिळाले. शाळकरी मुलांच्या रेंगाळणाऱ्या खोकल्यामागे आणि न्यूमोनियामागे कधीकधी तो असतो.

घराणे असे बदलौकिकाचे! मग त्यातला नवा चुलतभाऊ सापडला, की लोक त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहणार?

वाळवंटातला पाहुणा

असा चुलतभाऊ १९९३ साली जगापुढे आला. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात बीरशेबा हे शहर आहे. तेथील विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सिमोना कहाने ह्या बाई मानवी पेशींवर काम करीत होत्या. त्या पेशींत कोणीतरी आगंतुक येऊन राहिला आहे, असे लक्षात आले. प्रथम त्याला नुसते ‘झेड’ म्हणत. त्याची दोन रूपे क्लॅमिडियासारखीच. पण वागणूक निराळी. क्लॅमिडियाचा संसार दोन-तीन दिवसांत आटोपतो. ह्याचा रेंगाळत दोन आठवड्यांपर्यंत चालतो. पुढे त्याला शोधणाऱ्या बाईंच्या नावावरून आणि वाळवंटाच्या नावावरून ‘सिमकेनिया नेगेव्हेन्सिस’ असे नाव ठेवण्यात आले.

ह्या घराण्याची नावे हा भाषेच्या माणसाला एक फराळच आहे. गाईच्या अकाली पडलेल्या गर्भात एक जंतू मिळाला. ज्या पशुरोग-निदान प्रयोगशाळेत तो मिळाला, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘वॉडलिया’ झाला. क्लॅमिडियाच्या शेजारचा म्हणून एक ‘पॅराक्लॅमिडिया’ झाला. झुरळांत आणि लाकडाखालच्या किड्यांत राहणारा, काठीसारखा दिसणारा म्हणून एक ‘ऱ्हॅब्डोक्लॅमिडिया’ झाला. ह्या सर्वांना मिळून ‘क्लॅमिडियासदृश जंतू’ म्हणण्याचा प्रघात आहे.

ह्यांतल्या पुष्कळांचे मूळ घर म्हणजे अमीबा. शाळेत आपण ज्याचे वेडेवाकडे चित्र काढीत होतो, तोच हा एकपेशी प्राणी. ओलसर मातीत, तळ्यात, पाण्याच्या टाकीत, नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात तो राहतो. जंतू गिळणे हा त्याचा धंदा. पण काही जंतू असे निघाले, की अमीबाच्या पोटात जाऊनही पचले नाहीत. उलट तेथेच बिऱ्हाड करून राहिले. वेळ वाईट आली की अमीबा स्वतःभोवती टणक कवच करतो. त्या कवचाच्या आडोशाने हे भाडेकरूही क्लोरीनच्या माऱ्यातून वाचू शकतात.

येथे एक गंभीर विचार मनात येतो. आपल्या फुफ्फुसांत पहारा देणाऱ्या भक्षक पेशीसुद्धा अमीबासारख्याच जंतूंना गिळून टाकतात. मग अमीबाच्या पोटात टिकायला शिकलेला जंतू आपल्या पहारेकऱ्यांच्या पोटातही टिकणार नाही कशावरून? ही शंका हवेतली नाही. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांचे एक संमेलन भरले असता न्यूमोनियाची साथ उसळली आणि ३४ माणसे दगावली. पुढच्या वर्षी त्या रोगाचा जंतू सापडला. त्याला ‘लिजिओनेला’ म्हणतात. १९८० साली रोबोटम ह्या इंग्रज संशोधकाने दाखवले, की तोही अमीबात राहतो आणि वाढतो. अमीबातला भाडेकरू माणसाच्या फुफ्फुसाचा मारेकरी होऊ शकतो, हे अशा रीतीने सिद्ध झाले. तेव्हा सिमकेनियावर आणि पॅराक्लॅमिडियावर संशय घेणे गैर नव्हते.

साक्षीपुरावा

आता पुरावा पाहू. १९९८ साली बीरशेबाच्या संशोधकांनी ब्रॉन्किओलायटिस झालेल्या २३९ बाळांच्या नाकातला स्राव तपासला. सुमारे चौथा हिस्सा बाळांत सिमकेनिया सापडला. तुलनेसाठी घेतलेल्या इतरांत तो जवळजवळ नव्हता. एवढे वाचून माझे हात तर शिवशिवले. म्हटले, सापडला चोर! २००३ साली कॅनडाच्या उत्तरेकडील इन्युइट लोकांच्या, छातीच्या विकाराने रुग्णालयात आलेल्या बाळांची तपासणी प्रसिद्ध झाली. मुले थोडी होती. पण निम्म्याहून अधिक जणांत हाच जंतू निघाला. फिनलंडमध्ये न्यूमोनियाच्या काही मुलांच्या रक्तात ताज्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या, मात्र अगदी थोड्यांच्या.

माझे सहकारी मात्र माझ्या उत्साहावर पाणी ओतायला टपलेलेच होते. त्यांनी उलटतपासणी सुरू केली. ती मी येथे जशीच्या तशी देतो.

पहिला प्रश्न : ज्या बाळांत सिमकेनिया सापडला, त्यांत दुसरा कोणी नव्हता काय? पुष्कळांत होता. ब्रॉन्किओलायटिस करणारे ओळखीचे विषाणू त्याच बाळांच्या नाकात हजर होते. घरफोडीच्या जागी नामचीन दरोडेखोर उभा असताना शेजारच्या वाटसरूला कोण पकडील?

दुसरा प्रश्न : हा जंतू धडधाकट माणसांना भेटतच नाही काय? भेटतो. नेगेव भागात तपासलेल्या मोठ्या माणसांपैकी अर्ध्याहून अधिकांच्या रक्तात त्याच्या ओळखीच्या खुणा होत्या. २००४ साली तेथल्या पिण्याच्या पाण्यातही त्याचा माग लागला. म्हणजे तो गल्लीतून रोजच जातो-येतो. एखाद्या दिवशी चोरीच्या घरासमोर दिसला, ह्यात नवल ते काय?

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. स्वित्झर्लंडच्या लोझान शहरातील संशोधकांनी २००९ साली अपुऱ्या दिवसांच्या नवजात बाळांची पाहणी प्रसिद्ध केली. श्वासाचा त्रास असलेल्या काही बाळांत पॅराक्लॅमिडिया आणि ऱ्हॅब्डोक्लॅमिडिया ह्यांचा अंश मिळाला. आणि ज्यांत तो मिळाला त्यांची प्रकृती अधिकच नाजूक होती. आता सांगा, जंतूमुळे बाळ नाजूक झाले, की नाजूक बाळाला नळ्या, यंत्रे आणि दमट हवा लावावी लागली म्हणून पाण्यातला जंतू त्याच्यापर्यंत पोचला? आपल्या शास्त्रकारांनी ह्या पेचाला ‘काकतालीय न्याय’ असे नाव देऊन ठेवले आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी तोडली असे होत नाही.

ह्यात आणखी एक मेख आहे. पूर्वी जंतू सापडला म्हणजे तो जिवंत सापडे. आज ‘पीसीआर’ नावाची तपासणी आहे. ती जंतूच्या आनुवंशिक द्रव्याचा कणभर तुकडा लाखो पटींनी वाढवून दाखवते. ती म्हणजे धुळीतले पाऊल टिपणारी भिंग. पण पाऊल कोणाचे हे सांगितले, तरी तो माणूस काल आला होता की महिन्यापूर्वी, चोरी करायला की पाणी मागायला, हे भिंग सांगत नाही. शिवाय जो जंतू पाण्यातच राहतो, त्याचा तुकडा प्रयोगशाळेतल्या पाण्यातून नमुन्यात आलाच नसेल, अशी खात्री मोठ्या काळजीने करून घ्यावी लागते.

रॉबर्ट कॉख ह्या जर्मन पंडिताने ह्यासाठीच कसोट्या घालून दिल्या. ह्याच कॉखने १८८४ साली कलकत्त्यात येऊन पटकीच्या रोग्यांत आणि तेथल्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवला होता. त्याच्या कसोट्यांचे सार असे : रोग्यात जंतू असावा, निरोग्यात नसावा, तो वेगळा काढून वाढवता यावा, वाढवलेला जंतू दिल्यावर तोच रोग व्हावा आणि त्या नव्या रोग्यातून तोच जंतू परत मिळावा. तांग फेइफान ह्यांनी आपला डोळा पणाला लावला तो ह्या शेवटच्या पायऱ्यांसाठी. सिमकेनियाच्या खटल्यात ह्या पायऱ्या अजून चढायच्या आहेत; आणि तान्ह्या मुलावर असला प्रयोग करणे कोणत्याही नीतीत बसणार नाही. मग उरतो तो एकच मार्ग : आजारी मुलांइतकीच निरोगी मुलेही तपासायची आणि ताळा घालायचा.

अशी मोठी मोजदाद २०११ ते २०१४ ह्या काळात आफ्रिका-आशियातल्या सात देशांत झाली. आपल्या शेजारचा बांगलादेश त्यांत होता. चार हजारांहून अधिक आजारी मुले आणि पाच हजारांहून अधिक तुलनेची मुले त्यांत तपासली गेली. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांच्या तीव्र न्यूमोनियापैकी सुमारे ६१ टक्के विषाणूंच्या माथी आणि सुमारे २७ टक्के क्षयाखेरीजच्या जीवाणूंच्या माथी आला. एकट्या ‘आरएसव्ही’ ह्या विषाणूचा वाटा सुमारे ३१ टक्के होता. थोडक्यात, मुख्य गुन्हेगार जुनेच आणि ओळखीचेच आहेत. क्लॅमिडियासदृश मंडळी असतील तर साथीदार असतील. कदाचित एखाद्या दुबळ्या बाळाच्या बाबतीत जास्त काही असतील. त्यांना निर्दोष म्हणून सोडलेले नाही. पण शिक्षाही ठोठावलेली नाही.

निकाल लांबला, तर बिघडते काय?

कोणी म्हणेल, ही पंडितांची चर्चा. घरातल्या आईबापांना तिचे काय? तर, फार आहे. २०१९ ह्या एका वर्षात जगात पाच वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार मुले न्यूमोनियाने गेली. तेव्हा निकाल चुकला तर त्याची किंमत मुले मोजतात, आणि ती दोन्ही बाजूंनी मोजतात.

समजा, घाईने ठरवले की प्रत्येक खोकल्यामागे क्लॅमिडियाच्या कुळातले कोणीतरी आहे. ह्या कुळाला चालणारी औषधे ठरावीक. ती मग प्रत्येक सर्दीच्या पोराला मिळू लागतील. विषाणूवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. पण अंगात राहणारे इतर जीवाणू मात्र त्या औषधाला सरावतील आणि खरी वेळ येईल तेव्हा औषध बोथट निघेल. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार. आणि सूळही पुन्हा वापरता येऊ नये असा मोडून ठेवायचा!

उलट, ह्या कुळाचा कोणी दोषी असूच शकत नाही असे ठरवले, तर तेही बाधेल. दीड-दोन महिन्यांचे, ताप नसलेले, तुटक खोकणारे बाळ समोर आले आणि नेहमीच्या औषधाने उतार पडेना, तर जाणत्या डॉक्टरला ह्या घराण्याची आठवण झालीच पाहिजे. म्हणून संशोधन चालू राहायला हवे आणि औषध डॉक्टरांच्याच हाती राहायला हवे. मागच्या वेळची उरलेली बाटली फडताळातून काढून पाजणे हे आईचे काम नव्हे, आजीचे नव्हे आणि औषधाच्या दुकानदाराचेही नव्हे.

मग आईने करायचे तरी काय? ह्या ठिकाणी मला जे समजले, ते मला सर्वांत मोलाचे वाटते : मूल धोक्यात आहे हे ओळखायला जंतूचे नाव लागत नाही.

पापुआ न्यू गिनी देशात फ्रँक शान ह्या डॉक्टरांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या कामातून असे दिसले, की मुलाचा श्वास नुसता मोजला तरी न्यूमोनियाचा अंदाज बांधता येतो. क्ष-किरण नको, प्रयोगशाळा नको. ह्याच वाटेने आपल्या गडचिरोलीत अभय बंग आणि राणी बंग ह्या डॉक्टर दांपत्याने १९८८ साली काम सुरू केले. गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि सुइणींना त्यांनी श्वास मोजायला आणि न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. मोठे आकडे मोजण्याची सवय नसलेल्यांसाठी त्यांनी एक साधे साधन केले : एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि रंगीत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, की धोका. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातले आकडे बोलके आहेत. ज्या गावांत हे काम झाले, तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी राहिले. त्या सुइणींना सिमकेनियाचे नाव ठाऊक नव्हते. त्या वेळी ते नाव अस्तित्वातच नव्हते!

आपल्या खेड्यांतल्या बायकांनी ह्या दुखण्याला फार पूर्वी एक नाव दिलेले आहे. बाळाच्या बरगड्यांखाली खळगा पडू लागला, पोट जोराने वरखाली होऊ लागले, की त्या म्हणतात, ‘बाळाला डबा झाला.’ ह्या नावात जंतूचा पत्ता नाही, पण नजर पक्की आहे. जे पाहायचे तेच त्यांनी पाहिले आहे. दुर्दैव एवढेच, की नजर पक्की असूनही काही ठिकाणी उपाय म्हणून पोटावर डागण्या दिल्या जात. कोठे अजूनही देत असतील तर तो उपचार नव्हे, छळ आहे. ‘डबा’ ओळखावा आजीने आणि बाळाला तडक न्यावे डॉक्टरकडे.

जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेले आकडे पाठ करायला सोपे आहेत : साठ, पन्नास, चाळीस. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त. दोन महिने ते एक वर्ष, ५० किंवा जास्त. एक ते पाच वर्षे, ४० किंवा जास्त. असा असला तर तो वेगाचा श्वास समजावा आणि मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मूल रडत नसताना, दूध पीत नसताना, शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावे. बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल दूध घेत नसेल किंवा गुंगीत असेल, तर आकड्यांची वाटसुद्धा पाहू नये.

आणि जे गुन्हेगार पुराव्यानिशी ठरलेले आहेत, त्यांचा बंदोबस्त तर आपल्या हाती आहेच. हिब ह्या जंतूवरची लस २०११ पासून पंचगुणी लसीतून आपल्या सरकारी कार्यक्रमात येऊ लागली. न्यूमोकॉकस ह्या न्यूमोनियाच्या बड्या जंतूवरची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ साली देशभर पोचली. ती फुकट मिळते. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध, चुलीच्या आणि विडीच्या धुरापासून दूर ठेवलेला पाळणा आणि बाळाला घेण्यापूर्वी धुतलेले हात, ह्यांना तर पैसाही पडत नाही. ह्यांतला कोणताही उपाय जंतूचे नाव विचारीत बसत नाही.

प्रयोगशाळेतल्या मंडळींनी आपला खटला सावकाश चालवावा. पुरावा पुरता जमेपर्यंत त्यांनी निकाल राखून ठेवला आहे, ह्याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. आपल्याकडे माणसांच्या बाबतीतसुद्धा एवढा धीर कोण धरतो?

दिवाळीत घर पाहुण्यांनी भरते. कोणी सर्दी घेऊन येतो, कोणी बाळाचा मुका घेतो, अंगणात फुलबाज्यांचा आणि फटाक्यांचा धूर कोंडतो. तान्हे मूल असेल तर त्याला धुरापासून आतल्या खोलीत ठेवा. सर्दी झालेल्या काकांना लांबूनच कौतुक करू द्या. आणि बाळ खोकत असेल, तर ते निजल्यावर त्याचे अंगडे वर करून, सेकंदकाटा असलेले घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाकडे पाहा. आकडा साठ-पन्नास-चाळीसच्या घरात गेला, तर फराळाचे ताट तसेच झाकून ठेवून आधी दवाखाना गाठा.